उन्हाळा आला की ऑइलचा दिवा लुकलुकतो: जाड ऑइल टाकण्याआधी काय तपासायचं

विदर्भात ही तक्रार दर उन्हाळ्यात ठरलेली. एप्रिल संपत आला, नागपूर-चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर गेला, की लांबचा पल्ला मारून टोलनाक्याला थांबलेल्या गाडीत लाल ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. रेस दिली की विझतो. टॅपेटचा टकटक आवाज वाढतो. दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात डिपस्टिकवरचं ऑइल खाली उतरतं. पावसाळा लागला की सगळं शांत होतं आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

यावर गॅरेजमध्ये मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: "ऑइल पातळ पडतंय, जाड टाका." मग ५डब्ल्यू-३० वर (ही ऑइलच्या जाडीची ग्रेड, उलगडा पुढे आहे) चालणारी गाडी १५डब्ल्यू-४० वर जाते, तरी भागलं नाही तर २०डब्ल्यू-५० वर. दिवा विझतो, म्हणून सल्ला बरोबर होता असं वाटतं. पण ऑइल पातळ का पडलं, हे कोणी पाहिलेलंच नसतं. जास्त तापलं म्हणून, कमी होतं म्हणून, त्यात डिझेल मिसळलं म्हणून, की ते मुळातच जुनं झालं होतं म्हणून? या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि जाड ऑइल यातल्या एकाचाही इलाज नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. ग्रेडचा विचार त्यात बराच मागे येतो.

दिवा आत्ता लागला असेल तर

आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली गेला की तो लागतो. क्रँकच्या बेअरिंगला ऑइलचा पातळ थर मिळाला नाही तर धातूवर धातू घासतो, आणि हे नुकसान काही मिनिटांत होऊ शकतं. "पुढच्या गावापर्यंत हळूहळू जाऊ" हा विचार इथे करू नका. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर गॅरेज जवळ नसतं हे मान्य, पण टो करण्याचा खर्च आणि इंजिन उतरवण्याचा खर्च यांची बरोबरीच होत नाही.

पहिली तपासणी: डिपस्टिक

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरेल. डिपस्टिक पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग वाचा. चढावर उभ्या असलेल्या गाडीत किंवा इंजिन नुकतंच बंद केल्यावर घेतलेलं माप दिशाभूल करतं.

पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर उत्तर बहुधा इथेच मिळालं. बऱ्याच छोट्या गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं, आणि एकूण ऑइल साडेतीन-चार लिटर. म्हणजे खालच्या खुणेवर आलेल्या गाडीत जवळजवळ चौथा हिस्सा ऑइल कमी असतं. उरलेलं ऑइल तेवढीच उष्णता कमी विश्रांतीत वाहून नेतं, म्हणून जास्त तापतं, म्हणून जास्त पातळ होतं. वळणावर किंवा ब्रेक मारताना पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते ती वेगळीच. आधी त्याच ग्रेडचं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको, आणि मग दिवा लागतो का ते पाहा.

ऑइल गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न. गाडी रात्रभर उभी राहते तिथे पुठ्ठा टाकून ठेवा. डाग पडला तर ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि क्रँकचं ऑइल सील याच क्रमाने बघा. डाग नाही आणि सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्या. चढावर किंवा जोर देताना निळा धूर, तर रिंगा किंवा टर्बो. हे काहीच दिसत नसेल तर पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारी झडप, पाहा. स्वस्त भाग आहे, पण तो अडकला की क्रँककेसमधली वाफ ऑइलसकट इनटेकमध्ये ओढली जाते. कित्येक गाड्या "ऑइल पितात" म्हणून बदनाम होतात आणि दोष एवढ्याशा वॉल्व्हमध्ये असतो.

पातळी वाढलेली दिसली तर मात्र जास्त सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये हे विशेष होतं. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि गाडी फक्त गावातल्या गावात, छोट्या फेऱ्यांत चालत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून सम्पमध्ये उतरतं. असं ऑइल कोणत्याही ग्रेडचं असलं तरी पाण्यासारखं वागतं. इथे ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि अधूनमधून गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. भरण्याच्या झाकणाखाली दुधी, चिकचिकीत थर असेल आणि कुलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करून घेतल्याशिवाय गाडी चालवू नका.

पातळी बरोबर आहे, तरी दिवा लागतो: ऑइल खरंच किती तापतंय?

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाहेर ४६ अंश म्हणजे ऑइलही तेवढंच जास्त तापणार, असं वाटणं साहजिक आहे. पण इंजिनचं तापमान हवेवर सोडलेलं नसतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि कुलंटला नव्वदीच्या आसपास धरून ठेवतो, जानेवारीत आणि मे महिन्यातही. निरोगी गाडीत ऑइल शंभर-एकशेदहा अंशांवर काम करतं. उन्हाळ्यात सलग वेगात चालवली तर १२० च्या घरात जातं. कंपनीने ऑइल निवडलेलं असतं ते हे धरूनच.

मग उन्हाळ्यातच त्रास का होतो? कारण उन्हाळा रेडिएटरची शिल्लक ताकद खाऊन टाकतो. रेडिएटर उष्णता किती टाकू शकतो, हे कुलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कुलंट ९५ अंशांवर आणि हवा ३० वर असेल तर फरक ६५ अंशांचा. हवा ४६ वर गेली की फरक ४९ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि क्षमता जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते. नवी, स्वच्छ गाडी हे सहज झेलते. जिच्या रेडिएटरची जाळी धुळीने अर्धी बुजली आहे, तिच्याकडे झेलायला काही उरत नाही. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात हा दोष लपून राहतो, मे महिना तो बाहेर काढतो. तक्रार दरवर्षी परत येते ती यामुळे.

माझ्या मावसभावाची यवतमाळची गाडी हे याचं चांगलं उदाहरण. जुनी डिझेल हॅचबॅक, कंपनीचं ऑइल ५डब्ल्यू-३०, उन्हाळ्यात दिवा लागतो म्हणून १५डब्ल्यू-४० आणि मग २०डब्ल्यू-५० वर गेलेली. पुढच्या उन्हाळ्यात तरीही दिवा लागला. टेम्परेचरचा काटा कायम मध्यावर, म्हणून कूलिंगवर कोणाचा संशयच नाही. आम्ही ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र, लावून पाहिलं तर एसी चालू असताना सिग्नलला कुलंट १०८ अंशांवर होतं आणि काटा जागचा हललेला नव्हता. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, ७५-८० पासून १०५-११० पर्यंत तो मधेच दाखवतो, म्हणजे चालक उगाच घाबरू नये. बंपर काढल्यावर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा नमद्यासारखा घट्ट थर निघाला. गाडी जिनिंगच्या शेजारी उभी असायची. समोरून पाइपने पाणी मारून तो थर कधीच निघाला नसता, कारण तो दोन जाळ्यांच्या मध्ये होता. साफ केल्यावर कुलंट खाली आलं, गाडी पुन्हा ५डब्ल्यू-३० वर नेली आणि दिवा लागला नाही.

म्हणून ऑइलचा डबा विकत घेण्याआधी एवढं बघा. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली फट, टॉर्च लावून. एसी सुरू केल्यावर फॅन फिरतो का, आणि दोन वेग असतील तर दुसरा वेग लागतो का. टाकीत खरंच कुलंट आहे की बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. रेडिएटर कॅपचं रबर कडक झालं असेल तर ती बदला. दाब टिकला नाही तर कुलंट लवकर उकळतं.

आणि एक कळकळीची विनंती: "उन्हाळ्यात गाडी गरम होते" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू देऊ नका. हा प्रकार अजूनही सर्रास चालतो. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि थंडीच्या दिवसांत इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. ऑइलमधला ओलावा आणि इंधन उडून जायला ते तापावं लागतं. तसं झालं नाही की गाळ धरतो, आणि तोच गाळ पुढच्या उन्हाळ्यात पंपाच्या जाळीत अडकून दाब पाडतो.

आता ग्रेड

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिल्याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत सुरू होण्याचा असतो. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. नागपूरच्या डिसेंबरात रात्रीचा पारा साधारण आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा यातलं कोणतंही चालतं. त्यामुळे "५डब्ल्यू-४० पेक्षा १५डब्ल्यू-४० उन्हात जाड राहतं" ही समजूत सोडून द्या. १०० अंशांवर दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात.

उन्हाळ्याचा आकडा दुसरा. १०० अंशांवर ३० ग्रेडची चिकटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (चिकटीचं एकक), ४० ची १२.५ ते १६.३, आणि ५० ची १६.३ ते २१.९. व्यवहारात याचा अर्थ असा की ४० ग्रेडचं ऑइल ११२-११५ अंशांना जेवढं पातळ होतं, तेवढं ३० ग्रेडचं १०० अंशांनाच असतं. म्हणजे एक ग्रेड चढलं की तुम्हाला बारा-पंधरा अंशांची सवलत मिळते. एवढीच. बुजलेला रेडिएटर ती सहज खाऊन टाकतो.

१५० अंशांवर, बेअरिंगमधल्यासारख्या जोराच्या घर्षणात, चिकटी किती टिकते याचं वेगळं माप असतं, त्याला एचटीएचएस म्हणतात. ३० ग्रेडला ते किमान २.९ लागतं, ५डब्ल्यू-४० ला ३.५, १५डब्ल्यू-४० ला ३.७. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे: सगळी ५डब्ल्यू-३० सारखी नसतात. डब्यावर एसीईए (युरोपीय मानक) ए३/बी४ किंवा सी३ लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० मध्ये हे माप किमान ३.५ असतं, म्हणजे ती ३० ग्रेड असूनही उष्णतेत ४० च्या जवळ उभी राहते. ए५/बी५ प्रकारची त्याहून पातळ. ज्यांच्या गाडीला ५डब्ल्यू-३० च सांगितलंय आणि जे मे महिन्यात रोज हायवेवर असतात, त्यांनी ग्रेड बदलण्याआधी हा पर्याय बघावा. अर्थात पुस्तिकेत तो प्रकार चालत असेल तरच.

पुस्तिका उघडा, हे ऐकायला साधं वाटतं, पण उत्तर खरोखर तिथे असतं. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाची पट्टी आणि तिच्यासमोर चालणाऱ्या ग्रेड दिलेल्या असतात. त्यात ५डब्ल्यू-३० सोबत ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० असेल, गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि तुम्ही समृद्धीवर १२० च्या मर्यादेला धरून नागपूर-शिर्डी करत असाल, तर उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसला ४० वर जाणं अगदी योग्य आहे. मी स्वतः तेच सुचवेन. पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० एवढंच असेल तर स्वतःच्या मनाने ४० वर उडी मारू नका. त्या इंजिनचे ऑइल पंप, बेअरिंगच्या फटी आणि व्हीव्हीटीचे (वॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) बारीक मार्ग त्या पातळ ऑइलसाठी बेतलेले असतात. तिथे सर्व्हिस सेंटरकडून एक पायरी वर चालेल का हे लेखी विचारून घ्या.

२०डब्ल्यू-५० चा मोह का टाळायचा? कारण इंजिनची बरीच झीज उभी गाडी पुन्हा सुरू केल्यावरच्या पहिल्या मिनिटांत होते. ४० अंशांवर, म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी उभ्या गाडीच्या तापमानाला, २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं. ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं, चेन टेन्शनर आणि व्हीव्हीटी सुस्त होतात, ॲव्हरेज पडतं. शिवाय दाब जास्त दिसला तरी प्रवाह कमी असतो, आणि उष्णता वाहून नेतो तो प्रवाह.

ग्रेड बरोबर, पण ऑइल कोणतं?

इथे थोडक्यात. पेट्रोल गाडीला डब्यावर एपीआय एसपी (अमेरिकी दर्जाची खूण) बघा, टर्बो असेल तर नक्कीच. कमी वेगात जोर देताना होणारा अवेळी स्फोट रोखण्याची चाचणी त्यात आहे. डीपीएफ असलेल्या डिझेलला कमी राखेचं, म्हणजे पुस्तिकेत सांगितलेलं एसीईए सी२ किंवा सी३ च. ट्रकसाठीचं स्वस्त १५डब्ल्यू-४० त्यात घातलं तर राख डीपीएफमध्ये कायमची बसते, ती जळत नाही.

उष्ण भागात सिंथेटिकला जादा पैसे देणं मला पटतं, आणि त्याचं कारण बाष्पीभवन. ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती उडतं हे मोजतात, त्याला नोॲक चाचणी म्हणतात. एपीआय एसपीच्या हलक्या ग्रेडना मर्यादा १५ टक्के आहे, चांगली सिंथेटिक ऑइलं त्याच्या बरीच खाली असतात. गळती नाही, धूर नाही, तरी उन्हाळ्यात ऑइल उतरतं, अशा गाडीत हा आकडा कामाचा. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलचं माहितीपत्रक असतं, त्यात बहुधा मिळतो.

डबा सीलबंद, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या आणि आपल्यासमोर उघडायला लावा. काम झाल्यावर रिकामा डबा भोक पाडून टाका. डुप्लिकेट ऑइल भरण्यासाठी असे चांगले डबेच गोळा केले जातात.

किती दिवसांनी बदलायचं

ऑक्सिडेशनचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळ मानाने दुप्पट होतो. एकीकडे ऑइल सडून घट्ट होतं, दुसरीकडे त्यातले चिकटी टिकवणारे पॉलिमर तुटून ते पातळ होतं, आणि कोणतं आधी घडेल हे इंजिनवर अवलंबून. म्हणून आमच्याकडे १०,००० किलोमीटरचा आकडा मी शब्दशः धरत नाही. किलोमीटरऐवजी तास मोजा. ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. शहरातल्या ताशी २० च्या सरासरीने तेच ५०० तास होतात. मुलांची शाळा सुटेपर्यंत एसी लावून उभ्या ठेवलेल्या गाडीचे तास तर ओडोमीटरला कळतच नाहीत. अशा वापरात ६,००० ते ७,००० किलोमीटरला बदला, आणि वर्षातला एक बदल मार्च अखेरीस येईल असा बेत करा, म्हणजे सगळ्यात कठीण तीन महिने ताज्या ऑइलवर जातात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ऑइल काळं पडत नाही म्हणून चांगलं आहे असं समजू नका. सीएनजीत काजळी कमी असते म्हणून ते स्वच्छ दिसतं, पण उष्णतेने त्याचं सडणं चालूच असतं.

एवढं सगळं बरोबर असूनही दिवा लागतो

तर प्रेशर स्विच बदला. तो स्वस्त आहे आणि उष्णतेने खराब होतो. त्याच्या वायरच्या सॉकेटमध्ये ऑइल झिरपलेलं दिसलं तर दोष तिथेच आहे. तरीही फरक पडला नाही तर मिस्त्रीला स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब मोजायला सांगा, इंजिन पूर्ण गरम असताना, आयडलला आणि २,००० आरपीएमला. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. आयडलला कमी पण रेसवर बरोबर येत असेल तर बेअरिंगची झीज किंवा पंपाचा रिलीफ वॉल्व्ह, दोन्हीकडे कमी असेल तर आधी सम्प उतरवून जाळी साफ करा. हे काम एका दिवसाचं आहे, इंजिन उघडण्याच्या आधीचं आहे, आणि गाळाने भरलेली जाळी निघाली तर तिथेच सुटका होते.

जाळी स्वच्छ निघाली, पंप ठीक निघाला आणि बेअरिंगच झिजलेली आहेत असं ठरलं, तर तेव्हा जाड ऑइलचा विचार करायला हरकत नाही. दोन लाख किलोमीटरांवर गेलेल्या, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला १५डब्ल्यू-४० वर आणखी काही उन्हाळे काढता येतात. फक्त मिस्त्रीने आणि तुम्ही दोघांनीही हे समजून केलेलं असावं की झीज तशीच आहे. त्या गाडीत दर पंधरवड्याला डिपस्टिक बघा आणि तिला मे महिन्यात भर दुपारी हायवेवर नेऊ नका.